मामांची घंटी आणि नॉर्वेचे व्याही

आमच्या मामेसासऱ्यांइतका धक्कादायक माणूस उभ्या भोर आणि वेल्हे तालुक्यांत दुसरा झाला नाही, आणि हे मी पूर्ण शुद्धीत, दुपारची झोप झाल्यावर लिहितो आहे. मामेसासरे म्हणजे बायकोचे सख्खे मामा. पण भोरात त्यांना पोस्टमनपासून पोळपाटवाल्यापर्यंत सगळेच मामा म्हणत, म्हणून मीही मामाच म्हणतो. पहिला धक्का त्यांनी मला माझ्याच लग्नात दिला. अक्षता पडून गेल्या होत्या, मंडळी पंगतीकडे सरकत होती, आणि एक ताठ, पांढऱ्या सदऱ्यातले, भुवया कायमच्या वर गेलेले गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आहेर देणार. त्यांनी माझे दोन्ही हात पालथे केले, एकेक बोट दाबून पाहिलं आणि माझ्यादेखत माझ्या सासऱ्यांना सांगितलं, "बोटं बरी हायती. करंगळीत जोर न्हाई. पण चालंल." एवढं बोलून ते जिलबीकडे गेले. बैलबाजारात बैलाचे दात पाहतात तशी माझी बोटं पाहिली गेली, या विचारानं मला ती जिलबी काही गोड लागली नाही.

पुढे माझी भोरच्याच एका शाळेत भूगोलाचा शिक्षक म्हणून नेमणूक झाली आणि मामांच्या धक्क्यांचा मला रतीबच लागला. बोटं पाहण्यामागचं कारणही तेव्हा कळलं. एसटी स्टँडच्या मागच्या बोळात मामांचा टायपिंगचा क्लास होता. माणसाचा स्वभाव, कुळी, पगार यांपैकी कशातही त्यांना रस नव्हता. जगात दोनच प्रकारची माणसं, दहा बोटांची आणि दोन बोटांची, असं त्यांचं ठाम मत होतं. क्लासातल्या प्रत्येक मशीनवर त्यांनी पुठ्ठ्याचं खोकं उपडं घातलेलं असे, त्याला पुढून हात जाण्यापुरतं भोक. विद्यार्थ्यानं आत हात घालायचे आणि कळांकडे न पाहता टाईप करायचं. तहसील कचेरीसमोर अर्ज टाईप करून देणारी मंडळी बसत. मामा भाजी आणायला त्या रस्त्यानं निघाले, की त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं कुठं काय चुकतंय ते. मग पिशवी खांद्यावर टाकून भर रस्त्यात ओरडायचे, "डावी करंगळी कुठं गेली रं तुझी?" एकदा त्या ओरडण्यानं दचकून एका टंकलेखकानं रेशनकार्डाच्या अर्जात अर्जदाराच्या बायकोला सरपंच करून टाकलं. अर्ज नव्यानं टाईप करावा लागला, आणि तोही मामांनी उभं राहून, शिव्या देत देत करून घेतला.

भांडण हा त्यांचा श्वास होता. एसटीच्या चौकशी खिडकीशी, दूधवाल्याशी, मंडपवाल्याशी, गावाकडच्या सख्ख्या भावाशी, आरशातल्या स्वतःशी सुद्धा. मामी म्हणायच्या, "सकाळच्या पारी यांचा आवाज आला न्हाई, तर गल्लीतली लोकं इचारत येत्यात, मामा गावाला गेल्यात काय?"

दोन हजार सालाच्या आसपास टाइपरायटरचे दिवस भरत आले आणि मामांनी पुण्याहून कुठल्याशा कचेरीनं मोडीत काढलेले काही संगणक आणले. ते इतके जुने होते, की संगणक चालवायची विकतची कुठलीही प्रणाली त्यांच्यात मावेना. मग एका मासिकासोबत फुकट आलेल्या सीडीतून मामांनी त्यांच्यात लिनक्स नावाची फुकटची प्रणाली घातली. मला हे कळलं तेव्हा मी चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबलो. टीव्हीचा रिमोट "हे आपलं काम न्हाई" म्हणून माझ्या हातात देणारा माणूस, त्यानं हे कसं केलं? मामांना त्यात नवल वाटत नव्हतं. "मासिकात लिवलं व्हतं, काय काय टाईप करायचं ते. म्या टाईप केलं. समोरचं जसंच्या तसं उतरवायचं, ह्येच तर आयुष्यभर केलंय. अर्थ कळायलाच पायजे असं कुठाय?"

संगणक चालू झाले, पण मामांचा जीव लागेना. टाइपरायटरवर ओळ संपत आली की टिंग करून घंटी वाजते. संगणकावर ती नाही. घंटीशिवाय ओळ संपते हे मामांना सहनच होईना. जिना संपला हे न कळता पुढची पायरी शोधावी तसं त्यांचं बोट हवेत राही. मग त्यांना इंटरनेटवर असा एक प्रोग्राम सापडला, जो कळ दाबली की टक वाजवायचा आणि ओळीच्या शेवटी टिंग. लिहिणाऱ्यानं तो लिहून वाऱ्यावर सोडलेला. इथं मला थोडं समजावून सांगायला हवं. लिनक्सच्या त्या जगात एक सार्वजनिक जागा असते. तिथं कुणीही हौशी माणूस एखादा प्रोग्राम इतरांना सहज वापरता येईल असा बांधून ठेवतो. त्या गाठोड्याला म्हणतात पॅकेज. नवी आवृत्ती आली की गाठोडं पुन्हा बांधायचं, काही बिघडलं की दुरुस्त करायचं, आणि पॅकेजच्या पानाखाली वापरणारे लोक जे काही बोलतील ते ऐकून घ्यायचं. या सगळ्याबद्दल मिळतं काय, तर काही नाही. असं ते घंटीचं पॅकेज बेवारस पडलेलं होतं, आणि आमच्या मामांनी ते सांभाळायला घेतलं. भोरच्या बोळातून, सगळ्या जगासाठी.

सांभाळण्याची त्यांची रीत पाहून तर मी हबकलोच. अशा कामात लोक जुना मजकूर उचलून नव्या जागी चिकटवतात आणि दोन अक्षरं बदलतात. मामांना ते मान्य नव्हतं. ते जुन्या पॅकेजचा सगळा मजकूर कागदावर छापून घ्यायचे, कागद डाव्या हाताला क्लिपेत लावायचे आणि पहिल्या अक्षरापासून सगळं पुन्हा टाईप करायचे. पडद्याकडे बघायचेही नाहीत. मी म्हटलं, "मामा, दोन बटणं दाबली की होतं हे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळातून चपला उचलायचा सल्ला दिला होता.

इंटरनेट मात्र घरी नव्हतं. ते होतं शब्बीरभाईच्या दुकानात. शब्बीरभाईचं आधी एसटीडी बूथ होतं, मग त्याच काचेच्या खोपटात त्यानं दोन संगणक मांडून सायबर कॅफे अशी पाटी लावली. दुपारी लोडशेडिंग नसेल आणि फोनची लाईन जिवंत असेल असा मुहूर्त साधून मामा तिथं जायचे. आधी बाहेरच्या नळावर हातपाय धुवायचे, चपला दाराशी, मग खुर्चीवर रुमाल अंथरून बसायचे. आणि घंटी तपासायची म्हणून ती मोठ्यानं वाजवायचे. शब्बीरभाई काकुळतीला येऊन म्हणायचा, "मामा, आवाज तरी बारीक करा. पोरं भायेर गोळा व्हत्यात, त्यांना वाटतं कुल्फीवाला आला." मामा त्याच्यावर ओरडायचे, तो हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी मामांची खुर्ची पुसून ठेवलेली असायची.

पण या सगळ्यावर कडी केली ती मामांच्या उत्तरांनी. त्या पानाखाली जगभरची माणसं दोन शब्दांत काय ते लिहून जात. चालत नाही. बिघडलंय. नवी आवृत्ती कधी? मामांनी आयुष्यभर टायपिंगच्या परीक्षेतली पत्रं टाईप केली होती. उत्तर म्हणजे पत्र, आणि पत्र म्हणजे त्याची एक रीत असते, ही त्यांची पक्की समजूत. शिवाय दारात आलेल्या माणसाला आधी पाणी न विचारता कामाचं बोलायचं, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यामुळे "चालत नाही" असं लिहून गेलेल्या कुणा जर्मन माणसाला मामांचं उत्तर गेलं, तेही कचेरीतल्या अर्जांच्या इंग्रजीत: सप्रेम नमस्कार. पत्रास कारण की, आपली तक्रार पोचली. आमच्याकडे सर्व कुशल असून आपल्याकडील कुशल कळावे. उत्तरास विलंब झाला याचे कारण, चार दिवस वीज नव्हती, नंतर भाचीच्या घरी बारसे होते, त्यानंतर टेलिफोनची केबल तुटली. आपण म्हणता तो दोष आमचाच. दुरुस्त केला आहे. घरी सर्वांना नमस्कार.

मी ते वाचलं आणि शब्बीरभाईच्या स्टुलावर मटकन बसलो. बारसं माझ्याच मुलीचं होतं. म्हणजे माझ्या मुलीच्या बारशाची बातमी माझ्या पुण्याच्या चुलतभावाच्या आधी जर्मनीत पोचली होती! त्या जर्मन माणसानंही हबकूनच विचारलं, "उत्तर माणूस देतोय की यंत्र?" मामांनी त्यालाही सप्रेम नमस्कार घातला. पण हळूहळू असं काही होऊ लागलं, की माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. ब्राझीलच्या एका बाईंनी घंटीबद्दल एक ओळ लिहून खाली लिहिलं, घरी सगळे बरे आहेत, फक्त आईचा गुडघा दुखतो. मामांनी लगोलग निरगुडीचा पाला गरम करून बांधायला सांगितला. बाईंनी विचारलं, निरगुडी म्हणजे काय? मग पुढचे कित्येक दिवस त्या पानावर घंटी राहिली बाजूला आणि निरगुडीच चालली. शेवटी त्या जागेवर देखरेख करणाऱ्या कुणीतरी लिहिलं, की ही जागा फक्त पॅकेजविषयी बोलण्यासाठी आहे. मामांनी त्याची क्षमा मागितली, आणि त्याच्या घरी कोण कोण असतं ते विचारलं.

या सगळ्यांत एक मनुष्य मात्र बधत नव्हता. तो नॉर्वेतल्या कुठल्याशा बेटावरचा. त्याचा पहिलाच शेरा असा होता: ही घंटी मूर्खासारखी उशिरा वाजते, हे पॅकेज सांभाळणाऱ्यानं जन्मात कधी टाइपरायटर ऐकला तरी आहे का? टाइपरायटर! मामांना! मी वाचून गार पडलो. शब्बीरभाईनं सावधपणे कळफलक थोडा लांब सरकवला. मामा उठले, चपला न घालताच राजवाड्यापर्यंत चालत गेले, परत आले, क्लासात जाऊन जुन्या मशीनवर एकच ओळ पन्नासदा टाईप केली आणि घामाघूम होऊन माझ्याकडे आले. "जावईबापू, बरोबर हाय त्याचं. घंटी जरा मागनं वाजती." मग त्यांनी त्याला लिहिलं: सप्रेम नमस्कार, आपले म्हणणे रास्त आहे. त्या दिवसापासून मामा त्या माणसाला व्याही म्हणू लागले. कशातही खोट काढायची आणि तरी सोडून मात्र जायचं नाही, हे व्याह्याशिवाय कोण करतं, असं त्यांचं म्हणणं. व्याही दर पंधरवड्याला नवी खोट काढायचे. कुशल मात्र कधी कळवायचे नाहीत. एकदाच कधीतरी लिहिलं होतं, की वादळामुळे बेटावरची बोट बंद आहे, म्हणून संगणकाचा सुटा भाग आणता आला नाही. ते वाचून मामा दिवसभर अस्वस्थ. "नॉर्वे कुठं आलं हो? तिथं भात व्हतो का?" नाही म्हटल्यावर, "मग बोट बंद झाल्यावर खात्यात काय?" मी म्हटलं मासे, बटाटे. त्यांना ते पटलं नाही.

मला एक कोडं पडलं होतं. एकदा धीर करून विचारलं, "मामा, इथं कुणी शिंकलं तरी तुम्ही अंगावर जाता. तो परका माणूस तुम्हाला मूर्ख म्हणतो, त्याला सप्रेम नमस्कार?" मामा रुमालाची घडी करत म्हणाले, "अवो, हितली माणसं रोज समोर असत्यात. आज भांडलो तर उद्या चा प्यायला एका बाकड्यावर. तो लांबचा. लांबच्या माणसाला टाकून बोललो, तर समजूत काढायला जायचं कसं? एसटी जाती का तिथवर?"

मग तो पावसाळा आला. त्या वर्षी पानावर एक नवाच मनुष्य उगवला. त्याचं म्हणणं, घंटी ही जुनाट आणि डोकं उठवणारी गोष्ट आहे, ती काढून टाकून नुसती टकटक ठेवावी, आणि सांभाळणाऱ्याला जमत नसेल तर पॅकेज आपल्याकडे द्यावं. तिथला नियम असा, की अशी मागणी आल्यावर सांभाळणाऱ्यानं ठरावीक मुदतीत उत्तर दिलं नाही, तर पॅकेज मागणाऱ्याला देऊन टाकतात. मी मामांना म्हटलं, "दोन शब्द लिहा. नाही देणार. बस्स." मामांचा चेहरा पांढरा पडला होता, पण तरीही त्यांनी सुरुवात केली ती सप्रेम नमस्कारापासूनच. आमच्याकडे सर्व कुशल. पाऊस बरा आहे. आपल्याकडील कुशल... आणि लाईन गेली. हमरस्त्याच्या रुंदीकरणात कुणा ठेकेदाराच्या खोदकामानं केबल तुटली होती. उत्तर गेलंच नाही. मी डोक्याला हात लावला. ज्या उत्तरावर घंटीचा जीव अवलंबून होता, त्यात 'नाही' हा शब्द यायच्या आधी कुशल विचारण्यातच ज्याची लाईन संपली, असा माणूस मी आजतागायत दुसरा पाहिलेला नाही.

चर पाण्यानं भरलेला, त्यामुळे पाऊस ओसरेपर्यंत केबल जोडणार कोण? त्यातच भातलावणी सुरू झाली. मामांचं गाव राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या पलीकडे. दरवर्षी लावणीला क्लास बंद करून ते गावी जात. बांधाच्या एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला भाऊ, दोघं शेजारी वाकून रोपं लावणार आणि एका शब्दानं बोलणार नाहीत, कारण त्या बांधावरूनच दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. लावणी उरकून मामा परत आले, तरी लाईन मेलेलीच. आणि मग जे झालं त्यानं सगळी गल्ली धास्तावली. मामा गप्प झाले. मामी पदर सावरत शाळेत आल्या, मला वर्गाबाहेर बोलावून म्हणाल्या, "जावईबापू, काल एक पोरगं यांच्यासमोर दोन बोटांनी टाईप करत हुतं, आन ह्ये नुसतं बघत बसलं. आदी डाक्टरला दाखवा."

डॉक्टरच्या आधी शब्बीरभाई धावून आला. कामथडीला हायवेवर त्याच्या मेव्हण्याचं दुकान होतं आणि तिथली लाईन चालू होती. त्यानं स्वतःचं दुकान बंद केलं, एका ओळखीच्या दुधाच्या टेम्पोला थांबवलं, आणि आम्ही तिघं मागच्या हौद्यात कॅनच्या मधे ताडपत्रीखाली बसून निघालो. मुदत त्या आठवड्यातच कधीतरी संपत होती, नक्की कधी ते कुणालाच आठवेना. वाटेत मी मामांना पढवत होतो, "आधी 'नाही' लिहा, मग नमस्कार." मामा मान हलवत राहिले. "नमस्कार न करता न्हाई म्हणायचं? त्ये भांडण झालं."

कामथडीच्या त्या दुकानात पान उघडायला इतका वेळ लागला, की शब्बीरभाईच्या मेव्हण्यानं आमच्यासमोर चहा आणून ठेवला तो निवून गेला. पान वरून खाली थोडं थोडं उमटत आलं. सांभाळणारा, या शब्दापुढे मामांचं नाव नव्हतं. नॉर्वेच्या व्याह्यांचं होतं.

मामांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पाहिलं. "घात केला," ते इतक्या हळू म्हणाले, की मला आधी कळलंच नाही कोण बोललं ते. मी त्यांना भांडताना हजारदा पाहिलं होतं, पण असं खाली मान घालून बसलेलं कधी नाही, आणि मला त्या नॉर्वेवाल्याचा असा संताप आला, की नकाशातून त्याचं बेट खोडून टाकावं. तेवढ्यात शब्बीरभाई म्हणाला, "मामा, खालचं तर वाचा की."

खाली शेऱ्यांची ही रांग लागली होती. नव्या माणसानं लिहिलं होतं, उत्तर नाही, तेव्हा आता पॅकेज माझं. त्याखाली ब्राझीलच्या बाई: थांबा, या दिवसांत ते भात लावायला गावी जातात. जर्मन माणूस: पाऊस आला की त्यांच्याकडची केबल तुटते, मागच्या वर्षीही तुटली होती. आणखी कुणी, ज्याला मी ओळखतही नव्हतो: बहुतेक वीज नसेल, त्यांच्याकडे दुपारी जाते. मी आ वासून वाचत होतो. भोरचं वेळापत्रक भोरच्या वीज कचेरीला ठाऊक नसेल इतकं या लोकांना तोंडपाठ! मग देखरेख करणारा: ते सगळं खरं असेल, पण मुदत संपली, नियम म्हणजे नियम, कुणालातरी द्यावंच लागेल. आणि त्याखाली व्याही. सप्रेम नमस्कार, असं त्यांनी लिहिलं होतं. माझ्याकडे सर्व कुशल आहे. या पॅकेजमधल्या सगळ्यात जास्त चुका मी काढल्या आहेत, म्हणजे मलाच ते सगळ्यात जास्त माहीत आहे. तेव्हा दुसऱ्या कुणाला न देता मला द्या. मी त्यातलं एक अक्षर बदलणार नाही. घंटी आहे तशी राहील. मालक परत येईपर्यंत मी नुसता दाराशी बसतो.

शब्बीरभाईनं डोळ्यांना रुमाल लावला आणि मेव्हण्याकडे बघून म्हणाला, "तुज्या दुकानात धूर लई रे." धूर कुठंच नव्हता. मामांनी कळफलक जवळ ओढला. मी मनातल्या मनात म्हटलं, आता अर्ध्या तासाची निश्चिंती. पण मामांनी लिहिलं फक्त, मी आलो. ना नमस्कार, ना कुशल. मी चाट पडलो. तिकडे सकाळ असावी. थोड्याच वेळात उत्तर आलं: बरं झालं, घ्या. पान पुन्हा उघडलं, तर वर मामांचं नाव. कुणाची सही नाही, साक्षीदार नाही, मागणं नाही, काही नाही. दिलं, आणि दिलं.

परतीच्या टेम्पोत कॅन रिकामे होते आणि भयंकर वाजत होते. कापूरहोळ मागे पडेपर्यंत मामा ताडपत्रीच्या फटीतून बाहेर बघत होते. मग मला म्हणाले, "आमच्या गावाकडं सख्खा भाऊ रातीत बांध सरकवतो. म्याबी सरकवलाय, खोटं कशाला बोलू. आन ह्यो माणूस..."  एकदम विचारलं, "नॉर्वेला जायला लई दिस लागत्यात का हो?" मी उत्साहानं म्हटलं, "छे, मामा, विमानानं एका दिवसात. तेही येऊ शकतील इकडे. बोलवा की त्यांना लावणी बघायला!" मामा दचकून माझ्याकडे वळले.

"नको, नको. हितं आला, चार दिस ऱ्हायला, की म्या भांडणार त्याच्याशी. मला म्हाईत न्हाई का माजं? उद्या बाकड्यावर चा पितात म्हणून तुमास्नी सांगितलं व्हतं म्या, पण सगळीच काय परत येत न्हाईत चा प्यायला. समोर आलेली किती माणसं घालवली म्या. ह्यो एक तरी ऱ्हाऊ द्या."

 पाऊस तिरका येऊ लागला होता. शब्बीरभाईनं ताडपत्रीचं टोक ओढून मामांच्या खांद्यावर घातलं आणि तसंच धरून ठेवलं, त्याची स्वतःची बाजू सगळी उघडी पडली. मामा त्याच्यावर खेकसले, "अरं, नीट धर की, पानी आत येतंय सगळं!"

"व्हय मामा," शब्बीरभाई म्हणाला, आणि भोर येईपर्यंत भिजत ते टोक धरून बसला.